उकाडा कुठं जातो

मृत्युंजयला, माझ्या नवऱ्याला, आम्ही त्यानंच खोदलेल्या चरात बसवलं.

आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून मातीत बसवतात, आणि शेत असेल तर स्वतःच्याच शेतात. आमचं शेत मंद्रूपच्या अलीकडे, वर हातभर काळी माती आणि खाली नुसता मुरूम. एप्रिल महिना. भावकीतल्या चौघांनी कुदळी-पहारी घेतल्या, पण मुरूम असा तापून घट्ट झालेला की पहार मारली की नुसता ठणठण आवाज. बराच वेळ झाला तरी खड्डा गुडघाभर होईना. मग मृत्युंजयचे चुलते, बसप्पा काका, घाम पुसत माझ्याकडे आले.

"सिद्धव्वा, चर काडलेला हाय की. चांगला पुरुषभर खोल हाय. कडुलिंबाखालचा कोपरा घेतला तर चालंल का? त्याच्याच हातचा हाय."

"चालेल," मी म्हणाले.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगितलं तर लोक मला दगड म्हणतील. मनात आलं, चराचा उतार घराकडे आहे, म्हणजे कडुलिंबाचा कोपरा उंचावर येतो, तिथं पाणी साचणार नाही, जागा बरी आहे. एवढंच आलं. मठाच्या स्वामींनी चराच्या भिंतीत कोनाडा कोरून घेतला, त्याला त्यात बसवलं, विभूती आणि बेलाची पानं घातली, आणि तो कोपरा मातीनं भरून गेला. उरलेला चर तसाच उघडा राहिला.

चर कशासाठी होता ते सांगायला हवं. मृत्युंजय घरं गार करायचा. वातानुकूलन यंत्रं बसवायचा असं नाही, घरच असं बांधायचा की यंत्राची गरज पडू नये. सोलापुरात हा धंदा करणं म्हणजे लोकांना आधी हसू येणार हे ठरलेलं. त्याला ते चालायचं. टॉवेलच्या कारखान्यांतून सुताचा कचरा आणायचा, चुन्यात कालवून त्याचे तक्ते दाबायचा आणि ते छताला आतून लावायचा. स्लॅबवर कुंभाराची मडकी उलटी मांडून वर चुना ओतायचा. "हरित वास्तू" वगैरे शब्द कुणी वापरले की वैतागायचा. "उन्हाळ्यात झोप लागते का तेवढं विचारा," म्हणायचा.

शेतातलं घर तो त्याच्या आईसाठी बांधत होता, आणि चर त्याच घराचा. दोन पुरुष खोलीच्या आसपास माती बारा महिने एकाच तापमानाला असते, वर मे असो की डिसेंबर. पुरुषभर खोलीवरही पुष्कळ काम होतं. तर कडुलिंबाच्या सावलीतून हवा आत घ्यायची, जमिनीतल्या लांबलचक पाईपातून घरापर्यंत आणायची आणि भिंतीतल्या झरोक्यातून खोलीत सोडायची. ओढायला एक पंखा, तो थेट सौर पट्ट्यांवर. ऊन जितकं कडक तितका पंखा जोरात. यात नवीन काही नाही, शास्त्र जुनंच आहे, पण आमच्या भागात शेतावर एका म्हातारीच्या खोलीसाठी असलं कुणी केलेलं नव्हतं.

चर अर्धा झाला तेव्हा एका दुपारी तो शेतावरून सोलापूरच्या घरी आला, पाणी प्यायला आणि कोचावर बसला. मी तंत्रनिकेतनात शिकवते, पेपर तपासत होते. मान वर केली तेव्हा तो गेलेला होता. डॉक्टर म्हणाले हृदय. उन्हानं झालं का, विचारलं तर म्हणाले, असेलही, नसेलही.

चौथ्या दिवशी मी उरलेले पेपर तपासले. भेटायला येणाऱ्या बायका "फार धीराची आहे हो" म्हणायच्या, आणि मला त्यांना चहा द्यावासाही वाटायचा नाही. धीर वगैरे काही नव्हता. दात काढायला गेल्यावर गाल बधिर होतो, आपणच आपल्याला चिमटा काढून बघतो आणि लागत नाही, तसं सगळं झालेलं. गालाचं निदान दोन तासांनी उतरतं.

माझी सासू ईरम्मा, आम्ही तिला अव्वा म्हणतो, समाधीनंतर शेतातून उठेचना. घर अर्धवट, म्हणून बांधकामाच्या पत्र्याच्या खोपटात राहिली. मी सोलापूरला चला म्हणाले, बसप्पा काकांनी गावातल्या घरी चला म्हणून हातापाया पडून पाहिलं. "लेकरू हितं हाय," एवढंच उत्तर. मेमध्ये पत्र्याखाली चक्कर येऊन पडली. सोलापूरला नेऊन सलाईन लावली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की पत्र्याखाली आणखी एक उन्हाळा हिला निघणार नाही. बरी झाली आणि रिक्षा करून परस्पर शेतावर गेली.

म्हणजे पुढचा मे यायच्या आत घर पुरं करणं भाग होतं. मी ते काम वर्गात वेळापत्रक लावावं तसं अंगावर घेतलं. कशाचं काही वाटत नसलेल्या माणसाला काम फार जमतं. भिंती झाल्या, मडकी मांडली, चुना ओतला, सुताचे तक्ते लागले. पावसात चराच्या कडा ढासळल्या होत्या, त्या उपसून उरलेला अर्धा चरही खोदून घेतला. दिवाळीनंतर पाईपाचं काम करायला सिद्धलिंग आला. होटगी रस्त्यावर त्याचं पाईपाचं दुकान आहे आणि मृत्युंजयची सगळी कामं तोच करायचा. चरात उतरला, चालत चालत समाधीच्या मातीपर्यंत गेला आणि तिथं थांबला.

"वैनी, पाईप सरळ न्यायचा तर समाधीतूनच जातोय," तो म्हणाला. "बाजूनं वळवला तर हातभर अंतर सोडून नेता येतो. पुढं खडक हाय, त्याहून लांब जमणार न्हाय."

मी म्हणाले, पाईप नकोच. मडकी आणि तक्ते यांनीच तापमान काय उतरेल ते उतरू दे. मनात हिशेब होताच की त्यानं पुरेसं उतरणार नाही, चार-पाच अंश फार तर. बसप्पा काकांनाही ते बरं वाटलं. "समाधीला लागून आलेलं वारं घरात घ्यायचं, लोक काय म्हणतील?" असं ते दोनदा म्हणाले.

अव्वा खोपटाच्या दारात शेंगा फोडत बसली होती. तिथूनच म्हणाली, "भावजी, सुम्मनिरी." गप्प राहा, असं. मग मराठीत आली. "आपल्यात सुतक न्हाय. बसवण्णांनी काडून टाकलंय. माझ्या लेकानं चर मारलाय, पाईप त्यातनंच जाईल. सिद्धलिंगा, घाल तू."

अव्वापुढं काकांचं कधीच चालत नाही. सिद्धलिंगनं माझ्याकडे पाहिलं, मी मानेनंच हो म्हणाले. पाईप समाधीपासून हातभर अंतर सोडून गेला. मी वर काठावर उभी राहून जोड नीट बसलेत का ते बघत होते. खाली, भिंतीपलीकडं कोण बसलंय हे मला माहीत होतं, आणि माहीत असूनही आत काही हललं नाही. चर बुजवला. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत शहरभर नंदीध्वज निघाले तेव्हा मी शेतावर सौर पट्ट्या बसवायच्या लोखंडी घोड्याला रंग देत होते.

पंखा एप्रिलच्या सुरुवातीला सुरू केला. बाहेर बेचाळीस. झरोक्यातून आधी धूळ आली, मग ओलसर मातीचा वास, मग गार हवा. बसप्पा काकांनी झरोक्यासमोर हात धरला, मग तोंड धरलं, मग टोपी काढून डोकं धरलं. "लई गार लागतंय की," म्हणाले आणि लोक काय म्हणतील ते विसरून गेले. गावातली माणसं बघायला येऊ लागली. कुणी म्हणायचं, मृत्युंजयनं नाव काढलं. मी तापमापी दाखवायचे. खोलीत अठ्ठावीस, एकोणतीस. त्याला काय आनंद झाला असता, असंही लोक म्हणायचे. मी हो म्हणायचे. त्याला आनंद झाला असता हे खरंच होतं, मला तो होत नव्हता इतकंच.

अव्वा खोलीत राहायला आली. दुपारी झरोक्याखाली चादर टाकून झोपायची. तिचं जेवण वाढलं, चेहऱ्यावरचं सुकलेपण गेलं. डॉक्टरांनी सांगितलेलं काम झालं असं मला वाटलं. तंत्रनिकेतनाला सुट्टी लागली, मीही शेतावर येऊन राहिले.

मे लागला. एका दुपारी आम्ही दोघी खोलीत बसलो होतो. ती चटणीसाठी शेंगदाणे पाखडत होती.

"मी एक इचारू का?" ती म्हणाली. "लिंबाखाली वारं शिरतंय ते तापलेलं. हितं येतंय ते गार. मग मदला उकाडा जातो कुटं?"

तंत्रनिकेतनात वर्षानुवर्षं शिकवते, हा प्रश्न इतका सरळ कुणी विचारला नव्हता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वर्गात सांगते तसं सांगत गेले. "उकाडा नाहीसा होत नाही, अव्वा. तो मातीत जातो. पाईपाभोवतीची माती तो घेते आणि धरून ठेवते. उन्हाळा संपेपर्यंत तिथली माती दोन-तीन अंशांनी तापते. मग पावसाळ्यात, थंडीत परत निवते."

"सगळी माती तापती?"

"पाईपाजवळची. सुरुवातीची सगळ्यात जास्त. हवा तिथं नुकतीच आत आलेली असते ना, सगळ्यात तापलेली तीच."

तिचा सुपातला हात थांबला. तो थांबलेला बघून मी काय बोलले ते माझ्या लक्षात आलं. पाईपाची सुरुवात म्हणजे कडुलिंबाचा कोपरा.

ती उठली. भिंतीला धरून धरून बटणापर्यंत गेली आणि पंखा बंद केला. सूप तिथंच ठेवून बाहेर गेली. संध्याकाळी बघते तर तिनं चादर-उशी परत खोपटात नेली होती.

त्यानंतर मी काय काय सांगून पाहिलं. पाईपाला भोक नाही, हवा त्याच्यापर्यंत जात नाही. मधे हातभर माती आहे. दोन अंश म्हणजे काहीच नाही, हाताला कळतसुद्धा नाहीत.

"दोन अंश मंजी काईच न्हाय?" ती म्हणाली. "मग तूच परवा काकाला सांगत हुतीस की, एकेक अंश उतरवायला मृत्युंजयनं जिवाचं रान केलं म्हणून."

मी परत हातभर मातीचा मुद्दा काढला.

"त्याला ल्हानपणापसनं ऊन सोसत न्हवतं," ती म्हणाली. "शाळेतनं आला की घोळणा फुटायचा. पदर भिजवून डोक्यावर धरायचे मी. आता त्याच्या अंगावर घरातला उकाडा टाकून मी गार झोपू व्हय?"

मला तिचा राग आला. खरं तर राग आला म्हणून आश्चर्यही वाटलं, कारण कितीतरी महिन्यांत मला रागसुद्धा आला नव्हता. बसप्पा काकांना मधे घातलं. ते तिच्यासमोर बसून "वैनी, चला की आत," असं म्हणाले, पाणी प्यायले आणि निघून गेले. मठाचे स्वामी येऊन बोलले की तो लिंगात मिळाला, आता त्याला ना ऊन ना सावली. तिनं त्यांच्या पायांना हात लावला, त्यांना केळी दिली, आणि खोपटातून हलली नाही. मी पंखा लावला की ती येऊन बंद करायची. तिला चुकवून लावला तर झरोक्यासमोर उभं राहावत नाही असं मलाच होऊ लागलं. गार हवा अंगावर आली की हिशेब सुरू व्हायचा, इतके अंश इथं उतरले, तर तिथं किती चढले. मग मीच बंद करायचे. मृत्युंजयनं जन्मभर जे शिकून बांधलं, ते आम्ही दोघी बायका त्याच्यासाठी म्हणून बंद ठेवून बसलो होतो.

वीस मेच्या सुमाराची दुपार. चव्वेचाळीसच्या पुढं पारा. मी तिच्यासाठी आंबील घेऊन खोपटात गेले तर ती रांजणाजवळ आडवी पडलेली. अंगाला हात लावला, अंग तव्यासारखं आणि घामाचा एक थेंब नाही. डोळे अर्धे उघडे, तोंडातल्या तोंडात कानडीत काहीतरी बोलणं. उन्हाळ्यात घाम थांबला म्हणजे काय, ते मला कळतं. १०८ ला फोन केला. गाडी निघाली म्हणाले, पण यायला वेळ लागणार होता.

ती खाली पसरलेल्या चादरीवर होती, ती चादरच ओढत मी तिला घराकडं नेलं. मुरमातून, उंबऱ्यावरून, खोलीत. पंखा लावला. उन्हामुळं तो भन्नाट फिरायला लागला. टॉवेल बादलीत बुडवून तिच्या मानेला, काखेत, पोटावर लावत राहिले. हवा तिच्या ओल्या अंगावरून जात होती. काही वेळानं तिची नजर जागेवर आली. झरोक्याकडं बघितलं तिनं.

"बंद कर ते."

"नाही करणार."

"बंद कर, सिद्धव्वा. पोळतंय त्याला."

ती कोपरावर उठली आणि बटणाकडं सरपटायला लागली. मी तिचे दोन्ही हात धरले. अंगात काही उरलं नव्हतं तरी तिनं असा झटका दिला की माझी बांगडी तिच्या मनगटाला घासली. मी हात सोडले नाहीत. ती "लेकरू पोळतंय, सोड" म्हणत होती. माझ्यासमोर एक जिवंत बाई हातातून चालली होती आणि मी अंश, माती, हातभर अंतर यांतलं काहीतरी शोधत होते.

"तो मेलाय, अव्वा," मी म्हणाले. "मृत्युंजय मेलाय. मेलेल्या माणसाला उकडत नाही."

माझा आवाज माझ्याच कानांवर आदळला. लोक 'गेला' म्हणायचे, 'लिंगैक्य झाला' म्हणायचे, 'तो नसताना' म्हणायचे. हा शब्द वर्षभरात कुणीच काढला नव्हता, मी तर नाहीच. माझ्या तोंडून तो आला आणि खरा झाला. मी कोचाकडं बघितलेलं, पेपर हातात असलेले, त्याच्या मिशीला लागलेला पाण्याचा थेंब, सगळं एकदम. मला इतकं दुखलं की मी तिचे हात सोडून छाती धरली. मी ओरडून रडले. नाक, तोंड, सगळं वाहत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं. तो हवा होता मला. माती किती तापते ते त्याला विचारायचं होतं.

अव्वाचे हात सुटले होते. तिला बटणापर्यंत जाता आलं असतं. ती गेली नाही. तिथंच पडून माझ्याकडं बघत राहिली.

"ठावं हाय मला," ती हळू म्हणाली. "माज्या हातानं माती लोटलीया. तूच न्हवतीस म्हनत, मेला म्हणून."

तिच्याही डोळ्यांतून पाणी येऊन कानाकडं गेलं. घाम नव्हता, पण पाणी आलं. मी परत टॉवेल भिजवला आणि तिच्या कपाळावर ठेवला.

ती चादरीवर थोडी बाजूला सरकली. झरोक्यासमोर हातभर जागा झाली, तिथं तिनं चादर थोपटली. मी तिच्या शेजारी आडवी झाले. माझ्या ओल्या तोंडावर गार वारा आला आणि अंगावर काटा आला.

"वारं येतंय का तुला?" तिनं विचारलं.

"येतंय," मी म्हणाले.